वैमानिकाची वही रद्दीत जाऊ देऊ नका

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय, मुंबई
मा. संचालक, सैनिक कल्याण विभाग, पुणे
प्रत माहितीसाठी: वायुसेना मुख्यालय आणि संरक्षण मंत्रालयाचा इतिहास विभाग, नवी दिल्ली

महोदय,

एअर चीफ मार्शल हृषीकेश मूळगावकर यांचे ९ एप्रिल २०१५ रोजी पुण्यात निधन झाले. तेव्हा ते ९४ वर्षांचे होते. १४ ऑगस्ट १९२० चा त्यांचा मुंबईतला जन्म. १९४० साली ते वायुसेनेत दाखल झाले तेव्हा या सेनेला जेमतेम आठ वर्षे झाली होती आणि तिच्याकडे उभे असे एकच स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) होते. बर्माच्या आघाडीवर ते लढले. १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेतल्या कामगिरीबद्दल त्यांना महावीर चक्र मिळाले. १ फेब्रुवारी १९७६ ते ३१ ऑगस्ट १९७८ या काळात ते वायुसेनाप्रमुख होते. त्या पदावर बसलेले ते पहिले मराठी अधिकारी. मिग-२१ ची 'बिस' ही सुधारित आवृत्ती त्यांच्या कारकिर्दीत आली. जॅग्वार विमानांचा करार ते निवृत्त झाल्यावर लगेच, ऑक्टोबर १९७८ मध्ये झाला, म्हणजे त्यामागची बरीचशी पारख त्यांच्याच काळातली. ४ नोव्हेंबर १९७७ च्या रात्री जोरहाटजवळ पंतप्रधान मोरारजी देसाई यांचे विमान कोसळले, पाच हवाई कर्मचारी मृत्युमुखी पडले आणि पंतप्रधान वाचले, तेव्हाही वायुसेनेची धुरा त्यांच्याकडेच होती.

मराठीत शोधायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या हाती साधारण एवढाच परिच्छेद लागतो. काश्मीरच्या लढाईत कोणत्या दिवशी कोणते विमान घेऊन ते गेले, सोबत कोण होते, परतताना टाकीत किती इंधन उरले होते, प्रमुख झाल्यावर कोणत्या प्रस्तावाला त्यांनी होकार दिला आणि कोणता परत पाठवला, यातले काही त्याला मिळत नाही. जवळजवळ अडतीस वर्षांची सेवा दहा-बारा ओळींत आटोपते.

आम्ही मूळगावकरांच्या पुतळ्यासाठी हे पत्र लिहीत नाही. त्यांचे नाव पुढे ठेवले, कारण सर्वोच्च पदावर पोहोचलेल्या माणसाची ही अवस्था असेल, तर बाकीच्यांचे काय होत असेल ते आपल्याला वेगळे सांगायला नको. त्यांच्यामागून अनिल टिपणीस, प्रदीप नाईक आणि विवेक राम चौधरी यांच्यासारखे आणखी मराठी अधिकारी प्रमुखपदी पोहोचले. टिपणीस यांच्या कारकिर्दीत १९९९ चे कारगिल युद्ध झाले. लोहगाव, ओझर, नागपूर ही वायुसेनेची मोठी ठाणी याच राज्यात आहेत, आणि खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. निवृत्तीनंतर पुण्यात घर करणाऱ्या एअर मार्शल, एअर व्हाइस मार्शल आणि एअर कमोडोरांची संख्या देशातल्या कोणत्याही शहराच्या तोडीची असेल. १९७१ च्या युद्धात कैद झालेले आणि ऑगस्ट १९७२ मध्ये दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीतून निसटलेले ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेले. एक पिढी उठून चालली आहे आणि तिचे कागद घेण्यासाठी राज्यात ठरलेली, जाहीर केलेली जागा आम्हाला दिसत नाही. हे आम्हाला मुकाट्याने पाहवत नाही.

आम्ही म्हणजे निवृत्त वायुसैनिक, जुन्या कागदांचे जतन करणारे काही जण आणि अशा अधिकाऱ्यांच्या घरची माणसे. हे कागद हाताळायचे कसे आणि ते बिघडतात कसे, एवढे आम्हाला नक्की कळते. त्याच जोरावर लिहितो आहोत.

आमची पहिली तक्रार लॉगबुकांची, म्हणजे वैमानिकांच्या उड्डाणांच्या नोंदवह्यांची आहे, आणि तीच सर्वांत मोठी.

वैमानिकाचे आयुष्य दुसऱ्या कुठल्याही कागदात इतके नेमके उतरत नाही. ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या या वहीला तेव्हा 'फॉर्म ४१४' म्हणत. आडव्या पानावर रकाने असतात: तारीख, विमानाचा प्रकार, विमानाचा क्रमांक, मुख्य वैमानिक, दुसरा वैमानिक किंवा प्रवासी, कामाचे स्वरूप, आणि मग तास. दिवसाचे वेगळे, रात्रीचे वेगळे, एका इंजिनाचे वेगळे, अनेक इंजिनांचे वेगळे, ढगांतून केवळ उपकरणांवर भिस्त ठेवून उडवलेले वेगळे. मुख्य वैमानिकाच्या रकान्यात बहुधा 'सेल्फ' एवढेच असते. रात्रीची उड्डाणे लाल शाईत लिहिण्याची पद्धत होती. महिनाअखेरीला बेरीज होते आणि तिच्यावर फ्लाइट कमांडर आणि स्क्वाड्रन कमांडर सही करतात. वर्षाअखेरीला वैमानिक म्हणून त्याचा दर्जा काय, हे वरिष्ठ एका ओळीत लिहून देतात. शेवटच्या पानांवर उडवलेल्या प्रकारांची यादी आणि एकूण तास असतात. मोठा अपघात कौशल्याने टाळला असेल तर त्याची नोंद आणि निष्काळजीपणा झाला असेल तर त्याचीही नोंद याच वहीत असते. माणसाची बाजू घेणारे आणि त्याला धारेवर धरणारे असे दोन्ही पुरावे एकाच पुठ्ठ्यात बांधलेले असतात. म्हणूनच चरित्र लिहिणाऱ्याने पहिल्यांदा मागायचा कागद हाच.

लॉगबुक एकटे पुरत नाही, हेही सांगायला हवे. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात दोन-तीन शब्दांपलीकडे जागा नसते. ते शब्द उलगडायचे तर स्क्वाड्रनची रोजनिशी, म्हणजे 'फॉर्म ५४०', शेजारी ठेवावी लागते. विमानाच्या देखभालीची नोंद 'फॉर्म ७००' मध्ये असते. पुरस्काराचे मानपत्र राजपत्रात मिळते. विमानाचा क्रमांक हा या सगळ्यांना ओवणारा दोरा. लॉगबुकच हरवले तर बाकीच्या कागदांत त्या माणसाला शोधायचे कुठून, हेच कळेनासे होते.

ब्रिटनने काय केले ते पाहा. दुसऱ्या महायुद्धातल्या वैमानिकांच्या ज्या वह्या कोणी मागायला आले नाही, त्या तिथल्या हवाई मंत्रालयाने १९६० नंतर नष्ट केल्या आणि नमुन्यादाखल थोड्या ठेवल्या. आज तिथली घरे आजोबांच्या वहीसाठी अभिलेखागारात खेटे घालतात आणि रिकाम्या हाताने परततात. ती चूक सरकारी आदेशाने झाली. आपल्याकडे ती आदेशाशिवाय, घराघरांतून होते आहे. मुले पुण्याबाहेर किंवा परदेशी, बंगल्याच्या जागी इमारत उभी राहणार, माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते आणि तिच्यातले कागद किलोवर जातात. यात घरच्यांचा दोष आम्ही धरत नाही. वही कोणाला द्यायची, याचे उत्तरच त्यांना कोणी दिलेले नसते.

ज्या घरांत वही जपली जाते, तिथेही ती बिघडते. त्याची कारणे ठरलेली आहेत आणि ती शासनाने एका पानावर छापून घरोघर पाठवली तरी निम्मे नुकसान टळेल. जुनी निळी-काळी शाई लोहयुक्त असते. दमट हवेत ती कागद खाते आणि अक्षराच्या जागी भोक पडते. लाल शाई पाण्याच्या थेंबाने पसरते, म्हणजे रात्रीची उड्डाणे आधी जातात. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि पुण्या-मुंबईचा पावसाळा तिथे महिनोन्‌महिने असतो. कागदासाठी ४५ ते ५५ टक्के आर्द्रता आणि २२ ते २५ अंश तापमान योग्य. प्लास्टिकच्या पिशवीत डांबराच्या गोळ्या टाकून वही बंद करणे हा सर्रास चालणारा उपाय घातक आहे, कारण आतली ओल आतच कोंडते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावली की काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून अक्षरांत उतरतो. लॅमिनेशन तर कधीच करू नये, ते पुन्हा काढता येत नाही. आम्लविरहित कागदात गुंडाळून, आम्लविरहित पुठ्ठ्याच्या पेटीत, आडवी, भिंतीला न टेकवता, जमिनीपासून वर ठेवावी. स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर पलीकडे असेल ती भिंत टाळावी. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, उघडून कसर आणि वाळवी तपासावी.

पदकांचेही तसेच. महावीर चक्र चांदीचे असते, त्याची फीत अर्धी पांढरी आणि अर्धी केशरी. दसऱ्याला शस्त्रांबरोबर पदके पूजेत मांडतात ते योग्यच आहे, पण त्याआधी ती चिंचेने किंवा पितांबरीने घासली जातात. दरवर्षी घासून कडेवर कोरलेली अक्षरे झिजतात आणि मग ते पदक कोणाचे, हे सिद्ध करता येत नाही. मऊ कोरड्या कापडाने पुसणे पुरेसे असते. छायाचित्रांच्या मागे बॉलपेनने लिहिले की दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ शिसपेन वापरावी, कडेला लिहावे, आणि डावीकडून उजवीकडे नावे लिहून ठेवावीत. ती नावे सांगू शकणारा माणूस हयात असेल तोवरच.

दुसरी तक्रार स्कॅनिंगची आहे, कारण 'आम्ही डिजिटल केले' असे म्हणून हात झटकले जातात. मोबाइलच्या अ‍ॅपने काढलेली प्रत बहुधा कागद काळा-पांढरा करते. मग लाल शाई आणि काळी शाई एकच दिसते, आणि समासात शिसपेनने केलेली टिपणे तर पुसूनच जातात. लॉगबुक रंगीतच स्कॅन व्हायला हवे. अक्षरांसाठी किमान ४०० डीपीआय, छायाचित्रांसाठी ६००. मूळ प्रत टिफ स्वरूपात, वापरायची प्रत पीडीएफमध्ये. वही सपाट दाबून उघडली की पाठीचा कणा तुटतो, म्हणून ती शंभर-एकशेवीस अंशांत उघडून धरणारा व्ही आकाराचा आधार लागतो. कोरी पानेही स्कॅन करायची. चिकटवलेल्या चिठ्ठ्या उचलता येत असतील तर वरची आणि खालची अशी दोन्ही चित्रे घ्यायची. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या शहरात. हे करायला दोन प्रशिक्षित माणसे आणि एक खोली पुरते.

तिसरी तक्रार मुलाखतींची. १९६५ च्या युद्धात बावीस वर्षांचा असलेला फ्लाइंग ऑफिसर आता ऐंशीच्या पुढे गेला आहे, आणि १९७१ चा त्याच वयाचा वैमानिक पंचाहत्तरीच्या. या लोकांना वायुसेना दिनाला बोलावून शाल-श्रीफळ दिले जाते, दहा मिनिटांचे भाषण होते, आणि त्यातले काही नोंदले जात नाही. वाहिन्यांवर मुलाखती होतात त्यात 'तेव्हा तुम्हाला काय वाटले' याच्या पुढे प्रश्न जात नाही. वयोवृद्ध माणूस मग नेहमी सांगत आलेली तीच गोष्ट सांगतो. अनेकदा सांगून ती गोष्ट इतकी गुळगुळीत झालेली असते की तिच्यात दोन वेगळ्या सॉर्टी (मोहिमेवरची उड्डाणे) मिसळलेल्या त्याच्याही लक्षात येत नाहीत. नंतर वाचलेली पुस्तकेही आठवणीत शिरतात.

उपाय कष्टाचा आहे पण अवघड नाही. आधी लॉगबुक स्कॅन करायचे. त्याची पाने ए-३ आकारात छापून मुलाखतीला न्यायची, कारण नजर अधू झालेली असते. नोंद मोठ्याने वाचून दाखवायची: तारीख, विमान, क्रमांक, तास. मग विचारायचे की ब्रीफिंग कुठे झाले, नंबर दोनला, म्हणजे जोडीच्या विमानात, कोण होते, पंखाखाली काय लावले होते, हवा कशी होती, कोण परतले नाही. प्रश्न विमानापासून सुरू झाला की माणूस आपोआप मोकळा होतो, हे ज्यांनी ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक आहे. पहिल्या बैठकीत युद्धाचा विषय काढू नये, प्रशिक्षणापासून सुरुवात करावी. एका वेळी साठ ते नव्वद मिनिटे, त्याहून जास्त नाही, आणि शक्यतो सकाळी. इंजिनांच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे बहुतेकांना उंच पट्टीचे आवाज ऐकू येत नाहीत. समोरासमोर बसून, खालच्या पट्टीत, सावकाश बोलावे. कॉलरला लावायचा माइक, दोन स्वतंत्र रेकॉर्डर, ध्वनिमुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झवर. पंखा बंद, नाहीतर दीड तास घरघर ऐकावी लागते. माणूस चुकीची तारीख सांगत असेल तर मध्येच दुरुस्त करू नये, शेवटी विचारावे. मराठी, हिंदी, इंग्रजी मिसळून बोलला तर तसेच उतरवून घ्यावे. शेवटी संमतीपत्र घ्यावे, आणि त्यात 'हा भाग अमुक वर्षांनी खुला करावा' असा रकाना ठेवावा. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा धाक अनेकांच्या मनात असतो. हा रकाना समोर दिसला की ते निर्धास्त होतात, आणि नको असलेला भाग बंद ठेवून बाकीचे सगळे सांगतात.

आणि हे फक्त वैमानिकांपुरते नको. अभियांत्रिकी, रडार, पुरवठा, वैद्यकीय शाखांतल्या अधिकाऱ्यांकडे लॉगबुक नसते, म्हणून त्यांची आठवण आणखी लवकर मिटते. हवाई शिपाई म्हणून सुरुवात करून एअर व्हाइस मार्शल झालेले हरजिंदर सिंग यांनी कानपूरला विमान बांधून दाखवले आणि तिथेच अ‍ॅव्ह्रो या वाहतूक विमानाच्या जुळणीचे काम उभे केले. असे काम वर्कशॉपच्या नोंदवह्यांत, रेखाचित्रांत आणि सहकाऱ्यांच्या तोंडी राहते. नाशिकजवळच्या ओझरला मिग-२१ बांधणारे आणि दुरुस्त करणारे किती हात होते! सप्टेंबर २०२५ मध्ये ते विमान समारंभपूर्वक निवृत्त झाले, देशभर बातम्या आल्या. त्या हातांची मुलाखत कोण घेणार आहे?

चौथी गोष्ट थोडक्यात, पण ती टोचते. श्रद्धांजलीचे मजकूर, चौकातले फलक, शासकीय पत्रके यांत हुद्दे आणि तारखा सर्रास चुकतात. एअर कमोडोरला 'कमांडर' केले जाते, एअर मार्शलला 'एअर चीफ मार्शल'. वायुसेनाप्रमुखाचा हुद्दा १९६६ पर्यंत एअर मार्शल होता, त्यानंतर एअर चीफ मार्शल झाला. 'मार्शल ऑफ द एअर फोर्स' हा मान आजवर फक्त अर्जन सिंग यांना मिळाला. 'निवृत्त' हा शब्द नावानंतर येतो, हुद्द्याला लागत नाही. मार्च १९४५ ते जानेवारी १९५० या काळात सेनेचे नाव 'रॉयल इंडियन एअर फोर्स' होते, म्हणून १९४८ च्या कागदावर ते दिसले की कागद बनावट आहे असे समजू नये. महावीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० ला झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरले गेले. त्यामुळे पराक्रमाची तारीख आणि पुरस्काराची तारीख वेगळी असते, दोन्ही लिहायला हव्यात. १९४२ ते १९४५ मध्ये भारतातली घड्याळे एक तास पुढे केलेली होती. बर्मा आघाडीच्या वेळा जुळवताना हे विसरले की एकाच हल्ल्याचे दोन हल्ले होतात. बर्मातल्या अक्याब बंदराचे नाव आता सितवे झाले आहे. मूळगावकर हे आडनाव इंग्रजीत तीन-चार प्रकारे लिहिलेले सापडते, आणि टेल्को या वाहन कंपनीचे सुमंत मूळगावकर वेगळे. सूची करणाऱ्याने या नोंदी जोडून दिल्या नाहीत तर शोधणारा रिकाम्या हाताने जातो.

पाचवी तक्रार खर्चाच्या प्राधान्यक्रमाची. सेवेतून बाद झालेले विमान मागून घेऊन चौकात किंवा उद्यानात चौथऱ्यावर बसवण्याची हौस अनेक नगरपालिकांना असते. आम्हालाही विमाने आवडतात. पण चौथऱ्यावरचे विमान म्हणजे कायमचा देखभालीचा खर्च: पाणी निघून जायची भोके मोकळी ठेवणे, पक्ष्यांची घरटी काढणे, उन्हाने तडकलेली कॅनोपी (वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक झाकण), काही वर्षांनी पुन्हा रंग. त्याची तरतूद न करता उद्घाटन होते आणि पुढे रंग उडालेल्या सांगाड्याखाली चुकीचा फलक उरतो. ते विमान कोणत्या स्क्वाड्रनमध्ये होते आणि ते कोणी उडवले, हे सांगणारे कागद मात्र त्याच गावातल्या एखाद्या घरी ओल खात पडलेले असतात.

आता दिल्लीच्या संबंधात. काश्मीरमधल्या १९४७-४८ च्या कारवाईचा अधिकृत इतिहास १९८७ साली छापून आला, म्हणजे चाळीस वर्षांनी. १९७१ च्या युद्धाचा १९९२ मध्ये तयार झालेला इतिहास सरकारने स्वतः प्रसिद्ध केला नाही, २००० साली तो एका वृत्तपत्राकडून लोकांपुढे आला. जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने नवे धोरण जाहीर केले. त्यानुसार युद्धांच्या आणि कारवायांच्या नोंदी साधारणपणे २५ वर्षांत खुल्या व्हायच्या आहेत, आणि त्याहून जुन्या नोंदी तज्ज्ञांकडून तपासून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे द्यायच्या आहेत. धोरण चांगले आहे, आम्ही त्याचे स्वागत करतो. या मोजमापाने १९६५ आणि १९७१ च नव्हे, १९९९ सुद्धा आता २५ वर्षांच्या पलीकडे गेले. मूळगावकरांच्या काश्मीरमधल्या नोंदी तर केव्हाच. त्या वाचकाच्या टेबलापर्यंत कधी येणार, हे आम्ही विचारतो आहोत.

चंदीगड प्रशासनाने वायुसेनेशी करार केला आणि मे २०२३ मध्ये तिथे वायुसेनेचे वारसा केंद्र सुरू झाले. राज्य किंवा केंद्रशासित प्रशासन पुढाकार घेऊ शकते, याचा तो दाखला. सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ च्या कलम ११ ने राष्ट्रीय अभिलेखागाराला खाजगी व्यक्तींकडून राष्ट्रीय महत्त्वाचे कागद भेट, खरेदी किंवा अन्य मार्गाने घेण्याची मुभा दिलेली आहे. महाराष्ट्राचा स्वतःचा २००५ चा अभिलेख अधिनियमही आहे. आणि पेशवे दफ्तराचे रुमाल पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या राज्याला कागद सांभाळता येत नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. ज्या हातांनी मोडी जपली, त्याच हातांकडे आम्ही या वह्या सोपवू इच्छितो.

आमच्या मागण्या अशा.

पुणे, नाशिक आणि नागपूर येथे प्रत्येकी एक स्वीकार कक्ष असावा. इमारत नको. एक वातानुकूलित खोली, आर्द्रता काढणारे यंत्र, आर्द्रतामापक, व्ही आकाराच्या आधारासह स्कॅनर आणि दोन प्रशिक्षित कर्मचारी, एवढे पुरे. कुटुंबाला दोन पर्याय द्यावेत: मूळ वही कायमची द्यावी, किंवा स्कॅन करून पंधरा दिवसांत परत घ्यावी. दोन्ही बाबतींत पानांची संख्या लिहिलेली पोच जागेवरच द्यावी. पोच न देता कागद ठेवून घेणे हे लोकांचा विश्वास उडवणारे पहिले कारण असते.

अधिकाऱ्याच्या निधनानंतर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा कुटुंबाशी संबंध येतोच. त्या वेळी सांत्वनपत्रासोबत एक पान जावे: घरातले कोणते कागद टाकू नयेत, ते कसे ठेवावेत, कोणाला फोन करावा. पहिल्या तेरा दिवसांत कागद मागू नयेत. तीन महिन्यांनी मात्र एक माणूस घरी जावा, कारण आवराआवर साधारण तेव्हा सुरू होते.

मुलाखतींची यादी वयाच्या उतरत्या क्रमाने करावी, हुद्द्याच्या नव्हे. नव्वदीच्या घरातला स्क्वाड्रन लीडर सत्तरीच्या एअर मार्शलच्या आधी. आजारी असणाऱ्यांचा क्रम त्याहूनही वर. विद्यापीठांच्या इतिहास विभागांतल्या विद्यार्थ्यांना वर सांगितलेल्या पद्धतीचे प्रशिक्षण देऊन हे काम करता येईल, आणि त्यासाठी मानधन द्यावे.

वायुसेना मुख्यालयाला विनंती अशी: २५ वर्षांहून जुन्या 'फॉर्म ५४०' मधल्या नोंदी पडताळण्यासाठी एक संपर्क अधिकारी नेमावा आणि महाराष्ट्राच्या कक्षांकडून आलेल्या प्रश्नाला साठ दिवसांत लेखी उत्तर द्यावे, मग ते नकाराचे का असेना. महाराष्ट्रातल्या वीरचक्र, महावीर चक्र आणि इतर शौर्यपदकप्राप्त वायुसैनिकांच्या मानपत्रांच्या प्रती राज्याला द्याव्यात, म्हणजे त्यांचे मराठी भाषांतर अधिकृतपणे करता येईल.

यापुढे विमान, चौक किंवा रस्त्याला वायुसेना अधिकाऱ्याचे नाव देताना फलकाचा मजकूर या कक्षाकडून तपासून घेणे बंधनकारक करावे. चौथऱ्यावरील विमानासाठी दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद दाखवल्याशिवाय मंजुरी देऊ नये.

आणि एअर चीफ मार्शल मूळगावकर यांच्यापासून सुरुवात करावी. त्यांच्या कुटुंबीयांना सन्मानाने, लेखी विचारणा करावी. राजपत्र, स्क्वाड्रनच्या नोंदी आणि प्रमुखपदाच्या काळातले खुले झालेले कागद एकत्र करून त्यांचे कागदोपत्री आधार असलेले मराठी चरित्र प्रसिद्ध करावे. त्यामागून इतरांचे.

मिळालेल्या कागदांची यादी दरवर्षी ८ ऑक्टोबरला, वायुसेना दिनी, सर्वांना पाहता येईल अशी प्रसिद्ध व्हावी. पहिली यादी येत्या ८ ऑक्टोबरला यावी, अगदी पाच वह्यांची असली तरी चालेल. या पत्रातल्या कोणत्या मागण्या मान्य आहेत, कोणत्या नाहीत आणि का, हे त्याआधी आपण जाहीरपणे कळवावे. प्रशिक्षण, वाचन आणि सूची करण्याच्या कामासाठी आम्ही विनामूल्य यायला तयार आहोत.

आपले,
काही निवृत्त वायुसैनिक, अभिलेखांचे काम करणारे आणि वायुसेना अधिकाऱ्यांचे कुटुंबीय
पुणे